बॅटरीची पत्रिका पाहिलीत का?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची कणीक मळत होते, तर अचानक नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला. घरात मी आणि सासूबाई दोघीच. वासाचा माग काढत जिन्यापाशी गेले, तर इन्व्हर्टरशेजारची बॅटरी बाजूंनी फुगलेली आणि दुरूनही झळ लागावी इतकी तापलेली! इन्व्हर्टर बंद केला, मेन स्विच पाडला, सासूबाईंना अंगणात नेलं आणि ह्यांना फोन लावला. ती थंड झाल्यावर इलेक्ट्रिशियनने सोडवून बाहेर नेली. आग लागली नाही, हे आमचं नशीब.

ही बॅटरी भाऊजींनी दोन महिन्यांपूर्वी आणलेली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जुन्या सेलमधून एका गॅरेजवाल्याने बांधून दिली होती. "वहिनी, लिथियमची आहे. पाणी घालायची कटकट गेली तुमची. आणि किंमत निम्मी!" मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू?

कारण ती कटकट माझीच होती ना! 2005-06 च्या भारनियमनात घरोघरी इन्व्हर्टर आले. घेताना कंपनी कुठली, किती वॅटचा, हे सगळं पुरुषांनी ठरवलं. पण डिस्टिल्ड वॉटर घालायचं कोणी? टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी पुसायची कोणी? ॲसिडने साडीला भोकं पडली ती कोणाच्या? मैत्रिणींनो, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे "जुन्या बॅटरीचं नाव काढू नका" असा फतवा निघाला. मला मात्र हे पटेना. मी चौकशी केली, वाचलं, आणि माझं मत उलटंच झालं. जुनी बॅटरी वाईट नसते. न तपासता घरात आणलेली बॅटरी वाईट.

साधा हिशेब बघा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची साठवणूक मूळच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली, की ती गाडीसाठी थकली असं मानतात. गाडी कमी अंतर जाते, मालक कुरकुरतो. पण घराला कुठे पुण्याला जायचंय? 2020 साली आपल्याकडे आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची होती. ती सत्तर टक्क्यांवर आली तरी एकवीस युनिट साठवेल. तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि टीव्ही चार तास चालवायला लागते जेमतेम दीड युनिट. म्हणजे एका गाडीची थकलेली बॅटरी वाटून घेतली, तर चार-पाच घरांची सोय होईल. आपल्या नेहमीच्या दीडशे अँपिअरच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, आणि ती टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत म्हणतात!

सोलर बसवलेल्यांना तर याची जास्तच गरज. 2024 च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर' योजना आली, तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं. माझ्या बहिणीनेही पॅनेल बसवली. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा बाहेर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद! बिचारीला वाटलं, फसवलं. फसवलं नव्हतं. बाहेरची वीज गेली की अशी यंत्रणा मुद्दाम बंद होते, नाहीतर तिची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. दिवसाचं ऊन रात्रीसाठी ठेवायचं, वीज गेल्यावर वापरायचं, तर घरात बॅटरी हवीच.

मग आमच्या बॅटरीचं काय चुकलं? इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवलं. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडलेले. प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान बघून वेळेवर प्रवाह तोडणारं सर्किट असतं, बीएमएस म्हणतात त्याला, तेच नव्हतं. शिवाय चार्जिंग जुन्या इन्व्हर्टरवर, जो पाण्याच्या बॅटरीसाठी बनलेला. तीन चुका, आणि जिन्याखाली निखारा!

हेच काम नीट कसं करतात? जपानमध्ये फुकुशिमाजवळ नामिए नावाचं गाव आहे. 2011 च्या अणुदुर्घटनेनंतर ते रिकामं करावं लागलं होतं. तिथे 2018 साली निसानच्या लीफ गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला. आलेली प्रत्येक बॅटरी तपासतात आणि प्रत लावतात. उत्तम असेल ती पुन्हा गाडीत, मधली मोठ्या यंत्रांना किंवा साठवणुकीला, तिसरी वीज गेल्यावरच्या सोयीला. आपण नाही का जुन्या साड्या काढतो? धडकी असेल ती पोरीच्या परकराला, विरलेली गोधडीला, अगदीच गेलेली फडक्याला. पण आधी उजेडात धरून बघतो की नाही?

मुलगी द्यायची तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो, पत्रिका मागतो. तशी बॅटरीचीही पत्रिका मागायला हवी. किती वर्षं वापरली, किती वेळा चार्ज झाली, आता किती साठवते. युरोपात 2027 च्या फेब्रुवारीपासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना असा 'पासपोर्ट' सक्तीचा, असा कायदाच 2023 मध्ये झाला. आपल्याकडच्या 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्वापर-पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती बॅटरी परत बाजारात येईल तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात तपासणीचा कागदही पडला पाहिजे, एवढीच माझी मागणी.

तोवर आपण काय करायचं? सुटे सेल बांधून दिलेली बॅटरी घ्यायची नाही, कितीही स्वस्त असो. लेखी हमी आणि परत घेण्याची बोली असल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. नवी लिथियमची किंमतही विचारायची, कारण गेल्या काही वर्षांत ती बरीच उतरली आहे. थोड्याशा फरकासाठी जुनी घेण्यात अर्थ नाही. आणि बॅटरी जिन्याखाली किंवा गॅसजवळ ठेवायची नाही. आमचा जिना म्हणजे बाहेर पडायची एकमेव वाट होती. तिथेच आग लागली असती तर गच्चीवरच्या माणसांनी उतरायचं कुठून?

भाऊजी परवा म्हणाले, "वहिनी, पुढची बॅटरी तुम्हीच पसंत करा." मी म्हटलं, "करते की! पण पत्रिका आणा आधी."