सोंगे उदंड, पात्रे थोडी

सध्याच्या विनोदी कार्यक्रमांतले तुमचे आवडते पात्र कोणते, असा प्रश्न कोणाही मराठी प्रेक्षकाला विचारून पाहावा. विषय हिंदी मालिकेचा असेल तर उत्तर चटकन येते: जेठालाल, भिडे, पोपटलाल. मराठीचा विषय निघाला की मात्र समीर चौघुले, नम्रता संभेराव, भाऊ कदम, कुशल बद्रिके अशी नावे ऐकू येतात. ही नावे नटांची आहेत, पात्रांची नव्हेत. दिलीप जोशी हे नाव ज्या घरात कोणाला ठाऊक नसेल त्या घरातही जेठालाल ठाऊक असतो; मराठीत नेमके उलटे घडते. हा निव्वळ नावांचा घोटाळा आहे असे आम्हांस वाटत नाही. आपण विनोदाकडून काय मागतो आणि काय मागायचे सोडून दिले आहे, याची ती खूण आहे.

सोंगाला लकब पुरते. एखादे ठरावीक वाक्य, चालण्याची ढब, ओढूनताणून काढलेला आवाज, एवढ्यावर दहा मिनिटे सहज निभावतात. पात्राला स्वभाव लागतो, आणि स्वभाव दिसायचा तर घर, धंदा, उधारी, नातेवाईक, शेजारी असा सगळा पसारा लागतो. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दशकात चि. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले, तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यासमोर हा पसारा तयारच होता. पुढे 2001मध्ये प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. त्यातले आबा फारसे विनोद करीत नसत. नातवंडांच्या जगात आपली जागा शोधणारा एक म्हातारा माणूस ते होते, आणि हसू त्या शोधातून येई. लेखकाने आधी माणूस लिहिला होता. विनोद त्याच्या मागोमाग आला.

आता हिंदीकडे वळू. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ 2008पासून चालू आहे आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. तारक मेहता हे गुजराती विनोदकार. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातले त्यांचे सदर हा या मालिकेचा पाया. म्हणजे इथेही आधी लेखन होते. या मालिकेतला आमचा आवडता माणूस जेठालाल नाही. आम्हांस आवडतो तो आत्माराम तुकाराम भिडे, गोकुळधाम सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’.

मंदार चांदवडकर यांनी उभा केलेला हा भिडे शिकवण्या घेतो, पैसा जपून वापरतो, जुन्या स्कूटरला ‘सखाराम’ म्हणतो आणि संधी मिळेल तेव्हा ‘आमच्या जमान्यात’ची टकळी सुरू करतो. सेक्रेटरीपदाची त्याला केवढी मिजास! त्या पदाने मिळते काय, तर सूचनाफलकावर खडूने लिहिण्याचा अधिकार आणि वर सगळ्यांची बोलणी. नियम त्याला पाठ आहेत, पण ते पाळून घेण्याचा दरारा त्याच्यापाशी नाही. टपूच्या चेंडूने काच फुटली की तेवढ्यापुरता तो कडाडतो. घरी माधवीचा लोणची-पापडांचा व्यवसाय आहे, आणि हिशेबात ती त्याच्याहून तसूभर कमी नाही. असा गृहस्थ आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल? प्रत्येक सोसायटीत एक असतो, आणि त्याची थट्टा करणारे त्याच्याच भरवशावर पाण्याच्या टाकीची चिंता सोडून झोपतात.

यात आणखी एक गोष्ट आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी मराठी माणसाला वर्षानुवर्षे हवालदार नाही तर मोलकरीण करून ठेवले. भिडे मात्र शिकलेला, मानी आणि काटकसरी आहे. त्याची फजिती होते ती त्याच्या मराठीपणामुळे नाही, तर मानीपणामुळे. मराठी मध्यमवर्गीय माणूस विनोदी पात्र म्हणून आज सगळ्यांत ठळकपणे दिसतो तो एका गुजराती सदरावर बेतलेल्या हिंदी मालिकेत, याचा आम्हांस आनंद आहे. त्याहून अधिक अचंबा आहे.

अर्थात या मालिकेची गुणगाथा गाण्याचा आमचा मानस नाही. इतकी वर्षे चाललेल्या मालिकेत पात्रे थिजतात. पोपटलाल लग्नासाठी झुरतो हा एके काळी करुण विनोद होता. आता त्याचे लग्न होऊन चालणारच नाही, कारण मग पात्रच संपेल. ज्या इच्छेला पुरे व्हायची किंवा विझून जायचीही मुभा नाही, ती इच्छा लकबच होऊन बसते. दिशा वकानी 2017मध्ये गेल्यापासून दयाबेन नियमितपणे परतलेली नाही, आणि जेठालालच्या त्राग्याला उत्तर देणारे तेवढ्या तोडीचे दुसरे कोणी मालिकेला सापडलेले नाही. दया गेल्याने आणखी एक उणीव उघडी पडली. आपल्या विनोदी मालिकांत मूर्खपणाचा मक्ता पुरुषांकडे असतो आणि बायका शहाण्यासुरत्या असतात. मनमुराद वेडेपणा करणारी बाई अपवादानेच भेटते. म्हणूनच ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधली नम्रता संभेराव यांची ‘लॉली’ आम्हांस मोलाची वाटते. साडी नेसलेल्या पुरुषावर वर्षानुवर्षे हसवून घेणाऱ्या रंगमंचावर एक बाई स्वतःच्या बळावर हसवते, हे थोडे नाही.

‘हास्यजत्रा’ 2018मध्ये सुरू झाली, त्याआधी 2014मध्ये ‘चला हवा येऊ द्या’. या दोहोंनी मराठी विनोदाचा भूगोल बदलला हे मान्य केलेच पाहिजे. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी आणि प्रभाकर मोरे यांचा कोकणी हेल घरोघर पोहोचले. गौरव मोरे यांनी 2024मध्ये ‘हास्यजत्रा’ सोडली, पण ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही ओळख टिकली. पवईतल्या एका वस्तीचे नाव मराठी माणूस अभिमानाच्या स्वरात घेऊ लागला, हे सदाशिव पेठेत वाढलेल्या जुन्या विनोदाला साधले नसते. गुणी नटांची एवढी मोठी फौज एकाच वेळी क्वचितच जमली असेल.

मग अडते कुठे? आमच्या मते अडते ते स्किटच्या साच्यात. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जन्माला येतो, हशा घेतो आणि मरतो. पुढच्या आठवड्यात तोच नट दुसऱ्या कपड्यांत उभा असतो. मग प्रेक्षकाने जपायचे कोणाला? तो नटालाच जपतो. आणि नटाची उंची, रंग, केस यांवरच कोट्या सुरू होतात, कारण दरवेळी टिकून राहणारे तेवढेच असते. देहावरच्या विनोदाविषयी नाराजी पुष्कळ जण बोलून दाखवतात, पण त्याचे मूळ पात्राच्या अभावात आहे हे सहसा कोणी म्हणत नाही.

साच्यातही वाट काढता येते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचायचे. त्या पोस्टमनला काम होते, पिशवी होती, आणि तो पुन्हा पुन्हा येत असे. हसायला बसलेली माणसे त्याच्यापुढे डोळे पुसत. त्यासाठी फार काही लागले नव्हते: एक लेखक, एक नट आणि परत येण्याची मुभा.

वाहिन्यांकडे आमचे मागणे एवढेच आहे, की आज आहेत त्याच नटांना आठवड्यातून एकदा अर्धा तास, एक चाळ किंवा एक सोसायटी, आणि एक नाव द्यावे. चौघुल्यांना थकलेला हप्ता द्यावा, लॉलीला सासू द्यावी, फिल्टरपाड्याच्या एखाद्या पोराला नोकरीच्या मुलाखतीला पाठवावे. आणि लेखकाला मालिका संपवण्याची परवानगीही द्यावी, म्हणजे या माणसांचे पोपटलाल होणार नाहीत.