टपालवाल्यांचा संप व लहान व्यापारी

टपालाचा संप झाला कीं पेठेंत ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, उन्हापावसांत पायपीट करणाऱ्या टपालवाल्यास पोटापुरतें मिळत नसेल तर त्यानें दुसरें काय करावें? दुसरा पक्ष म्हणतो, त्याचें पोट भरण्यासाठीं आमच्या दुकानास टाळें कां? दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षें सुटत नाहीं. आमच्या मतें या वादाची मांडणीच चुकली आहे. टपालवाला व दुकानदार हे या खटल्यांतील वादी-प्रतिवादी नव्हेत. खरा प्रतिवादी तिसराच आहे, आणि लोकमताच्या न्यायासनापुढें त्यास क्वचितच उभें केलें जातें.

प्रथम व्यापाऱ्याचें गाऱ्हाणें पाहूं. कारण तें क्षुल्लक नाहीं. आपल्या देशांत व्ही. पी. ची पद्धत १८७७ सालीं व मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली, आणि या दोन सोयींनीं लहान माणसास दूरचें गिऱ्हाईक मिळवून दिलें. पुण्यांतील पुस्तकविक्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गांवचा औषधें करणारा वैद्य शंभर कोसांवरील गिऱ्हाइकास माल धाडूं लागला. त्यास ना आडत्या लागला, ना पेढी. म्हणून टपाल थांबलें कीं अशा माणसाचा माल तर अडकतोच, पण मालाचे पैसेही अडकतात. मोठ्या पेढीचे खाजगी वाहतूकवाल्यांशीं वर्षाचे करार असतात, गोदामांत माल असतो व बँकेंत पत असते. पंधरा दिवसांचा खोळंबा ती सोसूं शकते. लहान व्यापाऱ्याचें भांडवल मालांतच गुंतलेलें असतें, आणि त्याचा धंदा हंगामाचा असतो. दिवाळीचा माल दिवाळीनंतर पोंचला तर तो माल नव्हे, अडगळ होय. शिवाय एकदां दुसऱ्या दुकानाकडे वळलेलें गिऱ्हाईक संप मिटला म्हणून परत येतेंच असें नाहीं. ही हानि कोणत्याही तडजोडपत्रांत नमूद होत नाहीं व कोणी भरूनही देत नाहीं.

अशा वेळीं व्यापारी मंडळांतून एकच मागणी निघते: सरकारनें हुकूम काढून संप बंद पाडावा! या उपायानें काय साधतें तें कॅनडा देशानें नुकतेंच दाखविलें आहे. तेथें १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं सुमारें ५५,००० टपाल-कामगारांनीं संप केला. नाताळचा हंगाम ऐन तोंडावर होता; त्यामुळें लहान दुकानदारांचा आक्रोश मोठा झाला. अखेर मजूरमंत्र्यांनीं प्रकरण औद्योगिक मंडळाकडे नेलें, आणि मंडळाच्या आज्ञेनें १७ डिसेंबर रोजीं कामगार कामावर परतले. दुकानदारांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पण मूळ तंटा तसाच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्यें तेच कामगार पुन्हां देशभर संपावर गेले! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार झाला.

आपल्या देशांतील लोकमताचा इतिहास याहून बोधप्रद आहे. ११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व खालच्या वर्गाचे टपालनोकर यांनीं देशव्यापी संप पुकारला, व तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. युद्धकाळच्या महागाईनें त्यांचें कंबरडें मोडलें होतें. त्या काळीं मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या कोकण्याच्या घरची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटत असे. संपाची झळ गरिबालाच अधिक लागली. तरीही लोकमत टपालनोकरांच्या बाजूनें उभें राहिलें. २९ जुलै रोजीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं कलकत्त्यांत सार्वत्रिक हरताळ पडला. खात्यांतील नोकरांचा वाद त्याच वर्षीं न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांजकडे निवाड्यासाठीं सोंपविण्यांत आला. त्या वेळीं सरकार परकी होतें, म्हणून लोक टपालवाल्यांच्या पाठीशीं होते, असें कोणी म्हणेल. आणि त्यांत तथ्य आहे. परंतु जो विलंब परक्यानें केला असतां अन्याय ठरतो, तो स्वकीयानें केला म्हणून न्याय कसा ठरेल? स्वराज्यांत उलट सरकारची जबाबदारी वाढते. कारण आतां तें आमच्या नांवानें राज्य चालवितें.

या कसोटीवर २०१८ चा ग्रामीण डाकसेवकांचा संप घासून पाहावा. हे सेवक नियमित नोकरवर्गांत मोडत नाहींत. रोज थोडे तास काम, त्या मानानें भत्ता, अशी त्यांची योजना. तरी खेड्यांतील शाखा-डाकघरें तेच चालवितात. त्यांच्या भत्त्याचा विचार करण्यासाठीं सरकारनें नोव्हेंबर २०१५ मध्यें कमलेश चंद्र यांची समिति नेमली. समितीनें वर्षभरांत, म्हणजे नोव्हेंबर २०१६ मध्यें, आपला अहवाल दिला. येथपर्यंत सर्व यथास्थित झालें. पुढें मात्र तो अहवाल सुमारें दीड वर्ष दप्तरांत पडून राहिला. २२ मे २०१८ रोजीं डाकसेवक संपावर गेले, आणि ६ जून रोजीं मंत्रिमंडळानें निर्णय केला! तीन लक्षांहून अधिक सेवकांस त्याचा लाभ झाला, व कामाचे तास आणि हुद्दा पाहून भत्त्याचा किमान आंकडा दरमहा १०,००० ते १४,५०० रुपये ठरला. आम्ही वाचकांस विचारतों, जो निर्णय पंधरा दिवसांत होऊं शकला, तो त्यापूर्वीं अठरा महिने कां झाला नाहीं? संप केल्याविना सरकार ऐकत नाहीं, हा धडा डाकसेवकांस कोणी दिला?

त्या पंधरवड्याची किंमत कोणीं भरली, तेंही पाहावें. संप मृगाच्या तोंडावर आला होता. शेतकरी बीं-बियाणें व खतें यांची जुळवाजुळव करण्याच्या घाईंत असतो, तो हा काळ. वृद्धांचें व निराधारांचें वेतन, रोजगार हमीची मजुरी, अल्पबचतीच्या खात्यांत ठेवलेली पै-पै, यांपैकीं जें शाखा-डाकघरांतून हातीं यावयाचें तें त्या ठिकाणीं अडलें. खेड्यांत पैसा अडला म्हणजे त्याचा भार वाण्याच्या उधारीच्या वहीवर येऊन पडतो. वाण्यास मात्र तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे ठरल्या तारखेस चुकवावे लागतात. शहरांत टपालाच्या जागीं खाजगी कुरियर उभा राहतो. आडवळणाच्या वाडीवर तो जात नाहीं, कारण त्यास तें परवडत नाहीं.

आतां कायद्याची बाजू. १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यानें टपालासारख्या लोकोपयोगी सेवेंत चौदा दिवसांच्या नोटिशीवांचून संप करण्यास मनाई केली, व २०२० च्या संहितेनें ही नोटीस सर्व औद्योगिक आस्थापनांस लागू केली. २००३ सालीं तामिळनाडूच्या सरकारी नोकरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत हक्क नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. त्यापूर्वीं १९७७ सालीं त्याच न्यायालयानें, खात्याबाहेरील म्हणविले जाणारे टपालसेवकही सरकारी पदच धारण करितात, असा निर्णय दिला होता. म्हणजे शिस्तीच्या प्रसंगीं डाकसेवक सरकारी, आणि पगाराच्या प्रसंगीं अर्धवेळ! व्यापाऱ्याची स्थितिही याहून बरी नाहीं. टपालाच्या दिरंगाईबद्दल १८९८ च्या कायद्यानें सरकारास जबाबदारींतून मुक्त ठेविलें होतें. त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यानेंही, नियमांनीं ठरवून दिलेली जबाबदारी सोडल्यास, हीच मुक्तता कायम ठेविली. सारांश, टपालवाल्यास मुदतीचें बंधन आहे, व्यापाऱ्यास दाद मागण्याची वाट जवळजवळ बंद आहे, आणि ज्याच्या हातीं निर्णय आहे त्यास मात्र कोणतीच मुदत नाहीं. संपाचें मूळ येथें आहे.

१९६६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं संयुक्त सल्लामसलतीची योजना असून, पगार, कामाचे तास व रजा यांपुरती तींत सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. डाकसेवकांचा प्रश्न मात्र निराळ्या समितीकडे गेला, आणि समितीच्या अहवालावर अमुक दिवसांत निर्णय करावा असें सरकारास बांधणारा नियमच नव्हता. संप हें शस्त्र सरकारी नोकराच्या हातून काढून घ्यावयाचें असेल, तर त्याच्या हातीं न्यायाचें दुसरें साधन दिलेंच पाहिजे. अहवाल हातीं आल्यापासून सहा महिन्यांत सरकारनें निर्णय जाहीर करावा. न केल्यास वाद आपोआप लवादाकडे जावा, आणि लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असावा. एवढी तरतूद झाली तर संपाचे निम्मे प्रसंग टळतील, असा आमचा अजमास आहे.

टपालसेवकांसही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. लोकमत हेंच त्यांचें खरें भांडवल होय. संपाच्या काळांतही निराधारांचें वेतन, औषधांचीं पार्सलें व न्यायालयाचीं समन्सें पोंचविण्यासाठीं त्यांनीं आपण होऊन माणसें नेमावीं. ज्या विधवेचे पैसे संपांतही वेळेवर आले, तीच उद्यां त्यांची साक्षीदार होईल. तसेंच, टपालाकडून कुरियरकडे गेलेलें काम परत मिळविणें कठीण असतें. आणि नव्या कायद्यांत पत्रवाहतुकीचा जुना मक्ताही उरलेला नाहीं, हें त्यांनीं विसरूं नये.

राहिला व्यापारी वर्ग. आमचे व्यापारी बंधु नोकराच्या गाऱ्हाण्याची चौकशी त्याचा संप झाल्यावर करितात, आणि तीही रागानें. दीड वर्ष अहवाल पडून होता, तेव्हां किती व्यापारी मंडळांनीं ठराव करून सरकारास जाब विचारला? विमा उतरवितांना आपण आगीची वाट पाहत नाहीं. मग आपला धंदा ज्याच्या पायांवर चालतो त्या माणसाविषयीं एवढी बेफिकिरी कां? यापुढें टपालखात्यांतील कोणताही वाद समितीपुढें गेला कीं व्यापारी मंडळांनीं त्याची तारीख आपल्या वहींत टिपून ठेवावी, व मुदत टळतांच खासदारांस व मंत्र्यांस लेखी विचारणा करावी. वायदा टळला कीं तगादा लावणें हें व्यापाऱ्यास नवें नाहीं. तोच तगादा एकदां सरकारी दप्तरास लावून पाहावा.