पेडल नंतर, बोटे आधी



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या लहान लहान चर्चमध्ये पेटीच्या शेजारी आता कीबोर्ड येऊन बसला आहे. तरुण मुलेमुली तो हौसेने वाजवतात, याचा आम्हाला आनंदच आहे. कीबोर्ड आला की मागोमाग पायाखालचे पेडल हवे, अशी मागणी येते. याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. पेडल जरूर घ्यावे, पण बोटांनी सूर जोडता येऊ लागल्यावर.

पियानोत पट्टी सोडली की नमद्याची गादी तारेवर बसते आणि सूर थांबतो. उजवे पेडल दाबले की सगळ्या गाद्या एकदम वर राहतात, म्हणून बोट उचलले तरी सूर वाजत राहतो. कीबोर्डचे पेडल हेच काम विजेवर करते. नवशिक्याला वाटते, गाणे सलग झाले. प्रत्यक्षात आधीचा सूर पुढच्या सुरात मिसळून गढूळ होतो आणि त्या गढुळात शब्द बुडतात.

आपल्या मंडळीत मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी माणसे एकाच ठिकाणी बसतात. वाचता न येणारी आजी गीताचे शब्द कानानेच धरते. तिला शब्द लागले नाहीत तर ती गप्प होते, आणि मग गाणे फक्त गायनमंडळाचे उरते. १९६७ साली रोमहून निघालेल्या ‘मुसिकाम साक्राम’ या पत्रकाची शिकवण हीच आहे की, वाद्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा, पण शब्द कळेनासे होतील इतके त्यांच्यावर चढू नये. संत पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात बासरी आणि वीणा यांचेच उदाहरण देतो. सूर वेगवेगळे कळले नाहीत तर काय वाजते आहे ते कोणाला कळणार, असा त्याचा प्रश्न आहे.

मग पेडलशिवाय सूर जोडायचे कसे? आपल्या पेटीवाल्यांना हे ठाऊक आहे. पेटीला असे पेडल नाही. बोट उचलले की भात्यात हवा असूनही सूर थांबतो. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी अशाच वाद्यावर गायकांना साथ केली. युरोपातल्या चर्चमधल्या ऑर्गनचेही तेच. त्याची पायपट्टी खालचे सूर वाजवते, सूर लांबवत नाही. फ्रान्समधील कुपरँ यांनी १७१६ साली वादनावर पुस्तक लिहिले. दाबलेली पट्टी न सोडता तिच्यावरचे बोट बदलण्याची युक्ती त्यांनी त्यात सांगितली आहे.

ती युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे. पुढची पट्टी खाली गेली की त्याच क्षणी आधीची सोडावी, आधीही नाही आणि उशिराही नाही. अंगठा हळूच बोटांखालून न्यावा. दोन स्वरमेळांत एक सूर सारखा असेल तर तो धरून ठेवावा, बाकीची बोटे हलवावीत. सगळेच सूर जोडणे जमत नसेल तर वरची चाल तरी तुटू देऊ नये. सरावाला कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावावा. पियानोचा आवाज विरत जातो, ऑर्गनचा विरत नाही, म्हणून बोटाची प्रत्येक फट उघडी पडते. रोज दहा मिनिटे, एका हाताने, अगदी संथ.

आणि ओळ संपली की हात उचलावा. मंडळीलाही श्वास घ्यायचा असतो.

कोणी म्हणेल, मोठे पियानोवादकही पेडल वापरतात. खरे आहे. दूरच्या उड्या आणि रुंद स्वरमेळ हाताच्या आवाक्यात येत नाहीत, तिथे पेडल हवेच. पण ते प्रत्येक स्वरमेळाला सोडून पुन्हा दाबावे लागते. कधी सोडायचे हे ज्याच्या कानाला कळते तोच ते नीट वापरतो, आणि तो कान बोटांनी जोडण्याच्या सरावातूनच तयार होतो. म्हणून धर्मग्रामात पैसे जमले तर आधी शिकवणाऱ्याची सोय करावी, पेडल त्यानंतर.

आम्हाला यात भक्तीचाही एक धडा दिसतो. आदल्या रविवारचा उत्साह आठवडाभर आपोआप वाजत राहील, असे आपण धरून चालतो. तो मंगळवारपर्यंत विरतो. रोजची प्रार्थना आजचा दिवस उद्याला जोडते, आणि ती रोज आपल्यालाच करावी लागते. धरायचे किती आणि सोडायचे कधी, हेही तीच शिकवते. कालचा राग आज वाजत राहिला तर आजचा सूरही गढूळ होतो.

वाजवणाऱ्या आपल्या मुलांसाठी प्रार्थना करा. आणि येत्या रविवारी त्यांच्या सुराला आपला आवाज द्या.