उष्टी कथा

दिवाळी अंकांची आवाहने पावसाळा लागला की येऊ लागतात. त्यांत एक ओळ ठरलेली असते : साहित्य अप्रकाशित असावे. अलीकडे या ओळीला शेपूट फुटले आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, प्रतिलिपी वगैरे कोणत्याही माध्यमावर आलेले नसावे. आमचे भांडण या शेपटाशी आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे आणि मराठीत कथा लिहिणारे लोक. घरात दखनी किंवा कोकणी, वर्गात उर्दू, कागदावर मराठी. कथा जमली की फसली, हे सांगणारे माणूस आमच्या आसपास सापडत नाही. स्टाफरूममध्ये विचारतात, ‘सर, उर्दूत का लिहीत नाही?’ मराठी मित्र पाठ थोपटतात, ‘तुमचे मराठी किती शुद्ध हो!’ दोन्ही बोलणी कथेच्या कामाची नाहीत. म्हणून आम्ही दहा-बारा जण कच्ची कथा मोबाइलवरून एकमेकांना पाठवतो. ‘फुफीला फुफीच राहू दे, आत्या करू नकोस,’ असे एक जण कळवतो. ‘इद्दतचा अर्थ समजावत बसू नको, ती बाई चार महिने दाराच्या आत काय करते ते लिही,’ असे दुसरी सुनावते. तिसऱ्यांदा लिहिली की कथा उभी राहते. आणि मग संपादकांच्या लेखी ती उष्टी ठरते.

उष्टी हा शब्द त्यांनी वापरलेला नाही, भाव मात्र तोच आहे. एका थाळ्याभोवती बसून जेवणाऱ्या घरांतून आम्ही आलो. चार हात लागले म्हणून अन्न बाटते, हे आम्हांला कोण पटवणार?

ज्या उर्दूची आम्ही भाकरी खातो, तिच्यात तर ऐकवणे आधी आणि छापणे मागाहून. शायर तीच गझल गावोगावच्या मुशायऱ्यांत पढतो, दीवान सवडीने निघतो. प्रकाशक त्याला ‘आधी पढलीत, आता छापणार नाही’ असे सांगत नाही. लाहोरात १९३९ साली ‘बज्म-ए-दास्ताँगोयाँ’ सुरू झाली, तीच पुढे ‘हल्का-ए-अरबाब-ए-जौक’ झाली. नवी कथा बैठकीत वाचायची आणि समोर बसून तिची चिरफाड ऐकायची, हीच तिथली रीत. सरशारांचा ‘फसाना-ए-आजाद’ १८७८ पासून ‘अवध अखबार’मधून क्रमशः लोकांनी वाचला, पुस्तक नंतर झाले. मराठीत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये आठवड्या-आठवड्याने येत होती. पुस्तकाचे गिऱ्हाईक त्यामुळे पळाले का? आणि कथासंग्रह तरी काय असतो? दलवाईंचा ‘लाट’ १९६१चा, त्यातल्या कथा आधी नियतकालिकांतून वाचकांनी वाचल्या होत्याच. कागदावर वाचलेली कथा पुस्तकात चालते आणि मोबाइलवर वाचलेली चालत नाही, हा कोणता न्याय?

संपादक कायद्याकडे बोट दाखवतात. कायदा आम्हीही वाचला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३ म्हणते, प्रती काढून किंवा अन्य मार्गाने कृती जनतेपर्यंत पोहोचवणे म्हणजे प्रकाशन. तेव्हा कोणालाही उघडता येईल अशा भिंतीवर सबंध कथा टाकली तर ती प्रकाशित झाली, हे आम्हांला मान्य. पण ओळखीची दहा माणसे म्हणजे जनता नव्हे. त्यांतल्या एखाद्याने न विचारता कथा पुढे ढकलली तरी, हक्कभंगाचा प्रश्न सोडला तर, लेखकाच्या परवानगीवाचून झालेले प्रकाशन हे प्रकाशन धरायचे नाही, असे कलम ४ सांगते. संपादकांचे शेपूट या कायद्यापेक्षाही लांब आहे!

आमच्यातल्याही काहींना चार शब्द ऐकवायला हवेत. रात्री अकराला कथा संपते आणि सव्वाअकराला ती जगजाहीर होते. सकाळपर्यंत शंभर अंगठे, पण एकही धड वाक्य नाही. आपल्या कथेला यात दुहेरी धोका आहे. तलाकवर कथा लिहिली की तिच्यातला एक परिच्छेद कोणीतरी कापून घेतो. मोहल्ल्यात तो ‘बघा, दीनची बदनामी’ म्हणून फिरतो आणि बाहेर ‘बघा, हे स्वतःच कबूल करतात’ म्हणून. कथा कोणीच वाचलेली नसते. लिहिणारी बाई असेल तर सासरी जाब तिलाच द्यावा लागतो. शिवाय वेबसाइटच्या अटींखाली ‘मान्य’ दाबताना आपण कोणता हक्क किती काळ देतो, हे कोण पाहतो? लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर हक्काचे हस्तांतरण पाच वर्षांचे धरतात, असे कलम १९ सांगते. अटींत मुदत लिहिलेली असली, तर मग तीच चालते. मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून दटावणाऱ्या आम्ही मास्तरांनी तरी हे वाचायला हवे.

तरीही दोष वाटायचा झाला तर मोठा वाटा संपादकांच्या पदरात पडतो. कथा पाठवली की पोच नाही. दिवाळी येते, जाते. फोन केला तर ‘वाचतो आहोत’. दोन-दोन वर्षे कथा अडकवून ठेवायची, नाकारली हेही कळवायचे नाही, छापलीच तर मानधन म्हणून अंकाची एक प्रत. एवढ्यावर हुकूम असा की, तोवर ती कोणाला दाखवू नका. नवरा नांदवत नाही आणि सोडचिठ्ठीही देत नाही, अशा बाईची गत आपल्या कथांनी पुष्कळ मांडली आहे. संपादकांनी त्या छापल्याही आहेत.

सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मंचावरून अनेक ठराव झाले. पुढच्या संमेलनात आमचाही एक घ्यावा. कथा मिळाल्यापासून तीन महिन्यांत हो किंवा नाही कळवावे, न कळवल्यास लेखक मोकळा. मित्रमंडळीत वाचलेला कच्चा खर्डा अप्रकाशितच मानावा. सुरुवात आपल्याच वार्षिकांनी केली तर बरे, कारण आमच्या तीन कथा सध्या तिथेच पडून आहेत.