मातृभाषेसाठी बंदिवास

केनियाचे कादंबरीकार व साहित्यमीमांसक न्गुगी वा थिओंगो यांचे २८ मे २०२५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, अमेरिकेत निधन झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाई. ते त्यांना लाभले नाही. परंतु राज्यकर्त्यांना एखाद्या लेखकाचे भय का वाटले, हे पाहिले की त्याची खरी योग्यता कळते.

१९३८ साली लिमुरूजवळच्या खेड्यात जन्मलेल्या न्गुगींच्या शालेय जीवनात मातृभाषा हा अपराध होता. शाळेच्या आवारात गिकुयू बोलणाऱ्या मुलास छड्या मिळत. गोव्यातही १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला होता; त्यामुळे या धोरणाची जात आपल्या परिचयाची आहे. पण न्गुगींच्या चरित्राचा धडा परकीय सत्तेपाशी संपत नाही.

१९६४ ची 'वीप नॉट, चाइल्ड' ही कादंबरी त्यांनी इंग्रजीतच लिहिली. १९६८ साली नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभाग मोडून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणावे, अशी मागणी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केली. १९७७ साली 'पेटल्स ऑफ ब्लड'मध्ये स्वतंत्र केनियातील नवश्रीमंतांवर त्यांनी कठोर आसूड ओढले. ते पुस्तक सरकारने खपवून घेतले. त्याच वर्षी कामिरिथू गावातील शेतकरी व कामगार यांना घेऊन त्यांनी एका सहलेखकासमवेत गिकुयू नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा मात्र प्रयोगांवर बंदी आली आणि वर्षअखेर न्गुगी विनाचौकशी गजाआड झाले. टीका तीच होती; फक्त ती आता ज्यांच्याविषयी होती त्यांना कळू लागली होती!

कामिती तुरुंगात स्वच्छतागृहातील कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली आणि पुढे ललितलेखनासाठी तीच भाषा धरली. १९८२ साली कामिरिथूचे खुले नाट्यगृह पोलिसांनी जमीनदोस्त केले. न्गुगींच्या वाट्याला दीर्घ परागंदा जीवन आले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मातिगारी'चा नायक खराच हिंडतो आहे, अशा समजुतीने त्याला पकडण्याचे हुकूम सुटले, असे न्गुगींनीच नमूद केले आहे. अखेर १९८७ साली पुस्तकच जप्त झाले.

इंग्रजीलाही आफ्रिकी वळण देता येते, हा चिनुआ अचेबे यांचा पक्ष दुर्बळ नव्हता. न्गुगींनीही इंग्रजीशी वैर धरले नाही. आपल्या काही गिकुयू कादंबऱ्यांची भाषांतरे त्यांनी स्वतः केली आणि अमेरिकी विद्यापीठांत अध्यापनही केले. त्यांचा आग्रह एवढाच, की जगाकडे जाणारी वाट स्वतःच्या अंगणातून निघावी.

मातृभाषेचा जयजयकार करणारे आपल्याकडे थोडे नाहीत. मात्र आपल्या मुलांची शाळा निवडताना तो जयघोष बहुधा घराबाहेर राहतो. ज्या भाषेत शेतकऱ्याला सत्तेचा व्यवहार कळतो, त्या भाषेतच लोकशाहीला मूळ धरता येते. न्गुगींना श्रद्धांजली वाहताना हे विसरून चालणार नाही.