कुकर, जपमाळ आणि मी

ऑक्टोबर, म्हणजे जपमाळेचा महिना आला की आमच्या बेळगावच्या घरी सासूबाई बरोब्बर साडेसातला माळ काढतात. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, पन्नास 'नमो मारिया'. नेमकी तेव्हाच धाकट्याला शी होते, थोरलीचा गृहपाठ राहिलेला असतो, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते. त्यातून बसलेच, तर दुसऱ्या दशकात पेंगते. याची फार लाज वाटायची. कन्फेशनमध्येसुद्धा सांगायचे.

मग लिझ्यूच्या संत तेरेझाचं वाचलं. कार्मेल मठातली ही सिस्टर प्रार्थनेत झोपायची, आणि झोपलेलं लेकरूही आईबापांना तितकंच लाडकं असतं, असं तिनंच लिहून ठेवलंय. तिला तर ना मूल, ना कुकर!

मला वाटतं, लेकुरवाळीनं एकच दशक म्हणावं, बाकीचं देव समजून घेतो. पण 'वेळ काढ गं' हा सल्ला फक्त तिलाच का? प्रार्थना घराची, मग कामं एकटीची कशी?

परवा नवऱ्याला म्हटलं, "अहो, धाकट्याला तुम्ही बघा, मी माळेला बसते." सासूबाई थबकल्या. मग माळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "हं, तूच सुरू कर."