अस्वलाच्या हातचे खत



खताची गाडी उकिरड्यापासून शेतापर्यंत नेण्याचे कष्ट तुम्हाला सांगायला नकोत. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, अलास्कात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ही वाहतूक अस्वले करतात. खत माशांचे, आणि ते पडते रानातल्या झाडांना. ऐकायला गंमत वाटते, पण शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजमाप घेऊन हे दाखवले आहे.

त्या माशाचे नाव साल्मन. (आपल्या बाजारात रावसाला कुणी ‘इंडियन साल्मन’ म्हणतात, पण दोघांचे नातेगोते काही नाही.) हा मासा डोंगरातल्या गोड्या पाण्यात, गोट्यांच्या बेचक्यात जन्मतो. पुढे समुद्रात उतरतो, काही वर्षे तिथे खाऊन गलेलठ्ठ होतो, आणि मग आपल्या जन्माचा ओढा वासावरून हुडकत परत येतो. गोड्या पाण्यात शिरला की त्याचे खाणे बंद. उड्या मारीत धबधबे चढायचे, अंडी घालायची आणि थोड्याच दिवसांत मरायचे. अंगावरचे मांस समुद्रातले, देह ठेवायचा डोंगरात! पाणी माती खाली नेते, हा मासा कस वर आणतो.

तिथली अस्वले हिवाळाभर झोपतात, तेव्हा त्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते. आपल्याकडचे अस्वल मोहाची फुले आणि वारुळातली वाळवी खाऊन राहते, पण त्या अस्वलाचा सुगीचा हंगाम म्हणजे साल्मनचा. मासा पकडायचा, तोंडात धरून झाडीत न्यायचा आणि निवांत खायचा. मासे मुबलक असले की अस्वल चोखंदळ होते. मेंदू, गाबोळी, कातडी एवढे चापून बाकीचा तिथेच टाकते. व्हिक्टोरिया विद्यापीठाचे टॉम रीमचेन यांनी १९९० नंतरच्या वर्षांत एका ओढ्यावर पाहणी केली. दीड महिन्याच्या हंगामात एकेक अस्वल सुमारे ७०० मासे रानात नेत होते. त्या उष्ट्यावर कावळे, किडे, अळ्या जगतात. अस्वलाच्या मूत्रातूनही नत्र जमिनीत जाते. गोमूत्राचा गुण जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पण झाडातले नत्र माशाचेच, हे ओळखायचे कसे? नत्राचा एक किंचित जड प्रकार असतो, आणि तो समुद्रातल्या माशात जास्त सापडतो. पाने तपासली की तो दिसतो. आग्नेय अलास्कातल्या अशा तपासणीचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला: साल्मनच्या ओढ्याकाठच्या झाडाझुडपांच्या पानांतले सुमारे २२ ते २४ टक्के नत्र माशांचे होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा.

त्याहून मला आवडली ती हॅन्सन ओढ्याची गोष्ट. नैर्ऋत्य अलास्कातल्या या लहानशा ओढ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाचे टॉम क्विन आणि त्यांची मंडळी दरवर्षी मेलेले मासे मोजत. तोच मासा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून मोजलेला उचलून एकाच काठावर फेकत. अशी २० वर्षे गेली, सुमारे २६७ टन मासे एका बाजूला पडले. मग कुणाच्या ध्यानात आले, की हा तर आयताच तयार झालेला प्रयोगाचा प्लॉट! एक काठ खताचा, समोरचा बिनखताचा. स्प्रूस झाडांच्या खोडातली वर्षावर्षाची कडी तपासली, तर खताच्या काठची झाडे जोमाने वाढलेली आढळली. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आता खरा पेच. मासेमारी करणारे आपला वाटा घेणार, त्यांच्याही चुली त्यावर पेटतात. किती मासे ओढ्यात जाऊ द्यायचे याचा सरकारी हिशेब असतो, पण तो मुख्यत्वे बियाण्यापुरता: पुढच्या वर्षी मासे यावेत एवढे वर जाऊ द्या, उरले ते जाळ्यात. या हिशेबात अस्वलाचा वाटा कुठे? टाल लेव्ही, ख्रिस डॅरिमाँट प्रभृतींनी २०१२ साली हाच मुद्दा मांडला. ओढ्यात मासे अधिक सोडले तर अस्वलांच्या पोटात अधिक जातात आणि अस्वलांची संख्याही वाढते, असे त्यांनी दाखवले. कोळ्याचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात काही ठिकाणी घटते. माझ्या मते नुकसान किती आणि कुणाचे हे आधी उघड मांडणे, हेच या शास्त्रज्ञांचे मोठे काम.

धरणांनीही वाट अडवली. क्लामथ नदीवरची चार धरणे २०२४ साली पाडून झाली, आणि त्याच शरद ऋतूत साल्मन वर चढलेले दिसले.

हवामानही बदलते आहे. अलास्कातल्या कोडियाक बेटावर ओढ्यातल्या माशांपैकी २५ ते ७५ टक्के मासे अस्वले मारतात. तिथे एल्डरबेरी नावाची तांबडी फळे एरवी माशांचा हंगाम सरता सरता पिकतात. २०१४ च्या उन्हाळ्यात उष्मा वाढला, फळे लवकर, ऐन माशांच्या दिवसांतच पिकली. अस्वले ओढे सोडून टेकड्यांवर फळे खायला गेली. मासे अंडी घालून आपल्या मरणाने मेले, आणि रानात जायचे ते पाण्यातच कुजले.